दिल्लीचं गजबजलेलं आकाश आणि उजळाईवाडीचं कुंपण: विमानं बघणारी माणसं नेमकं काय बघतात?

दर हिवाळ्यात हे होतं. दिल्लीत धुकं पडतं, बातम्यांत खोळंबलेल्या प्रवाशांची गर्दी दिसते आणि मुंबई किंवा हैदराबाद गाठून पुढचं विमान पकडायला निघालेला कोल्हापूरचा माणूस विचारतो, "इथं कडक ऊन पडलंय, मुंबईतही हवा चांगली आहे, मग आमचं विमान कशापायी अडलं?" नोव्हेंबर २०२५ मध्ये तर धुक्याचाही प्रश्न नव्हता. विमानांचे उड्डाण-आराखडे हवाई वाहतूक नियंत्रकांपर्यंत पोचवणारी दिल्लीची एक संगणक यंत्रणा बिघडली, ते काम हाताने करावं लागलं आणि त्या एका बिघाडापायी शेकडो विमानांना उशीर झाला.

याच दिल्लीच्या विमानतळाबाहेर काही माणसं कॅमेरा आणि वही घेऊन तासन्‌तास उभी असतात. त्यांना कुठेही जायचं नसतं. विमानं पाहायची, ओळखायची, त्यांची नोंद ठेवायची आणि जमलं तर फोटो काढायचे, एवढंच त्यांचं काम. या छंदाला प्लेन स्पॉटिंग म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटतो. पण उशीर का झाला हे या मंडळींना बहुतेकदा प्रवाशांच्या आधी कळतं, कारण विमानतळ वाचता येतो, आणि ते वाचन त्यांनी शिकून घेतलेलं असतं. कोल्हापुरात राहूनही ते शिकता येतं. त्यासाठी आधी दिल्लीत काय चालतं ते पाहू.

दिल्लीचा विमानतळ केवढा, आपला केवढा

दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावरून वर्षाला सात कोटींहून अधिक प्रवासी ये-जा करतात. रोज तेराशेहून जास्त विमानं तिथे उतरतात किंवा उडतात. चार धावपट्ट्या असलेला देशातला हा पहिला विमानतळ. चौथी धावपट्टी जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यासोबत विमानांना रस्त्यांवरून पलीकडे नेणारा उन्नत मार्गही खुला झाला. उड्डाणपुलावरून अख्खं विमान चाललंय आणि खालून मोटारी जातायत, हे दृश्य भारतात तिथेच पहिल्यांदा दिसलं. सगळ्यांत लांब धावपट्टी ४,४३० मीटरची आहे. नियंत्रण मनोरा १०२ मीटर उंच आहे.

आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाला एकच धावपट्टी, सुमारे १,९०० मीटरची. छत्रपती राजाराम महाराजांनी संस्थानकाळात, १९३९ मध्ये हा विमानतळ सुरू केला. मधली कित्येक वर्षं तो जवळपास बंदच होता. २०१८ मध्ये लहान शहरं विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतून नियमित सेवा पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं.

दोन्ही विमानतळांमध्ये एक धागा आहे, तो नकाशा उघडल्याशिवाय लक्षात येत नाही. दिल्ली विमानतळाला खेटून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे करत आपल्याकडे येतो आणि उजळाईवाडीजवळून कागल, बेळगावमार्गे बेंगळुरूकडे जातो. दिल्लीत याच महामार्गालगत महिपालपूरजवळ शंकराची भव्य मूर्ती आहे. तो परिसर शिवमूर्ती म्हणूनच ओळखला जातो. उतरणारी विमानं तिथे डोक्यावरून इतकी खाली जातात, की बघ्यांची ती आवडती जागा झाली आहे. गंमत अशी की ती मूर्ती विमानाच्या वाटेत येते, म्हणून त्या बाजूने उतरणाऱ्या विमानांना त्या सगळ्यांत लांब धावपट्टीचा पहिला जवळजवळ दीड किलोमीटर सोडून पुढे चाकं टेकवावी लागतात. देशातली एवढी लांब धावपट्टी, पण त्या दिशेने उतरताना हाती उरते तीन किलोमीटरच्याही आत.

धावपट्टीवरचे आकडे

धावपट्टीच्या टोकाला मोठ्या पांढऱ्या अक्षरांत दोन आकडे रंगवलेले असतात. उजळाईवाडीला एका टोकाला ०७ आणि दुसऱ्या टोकाला २५. ही होकायंत्रावरची दिशा असते, शेवटचं शून्य काढून लिहिलेली. ०७ म्हणजे ७० अंश, साधारण पूर्वेकडे आणि किंचित ईशान्येला. तीच पट्टी उलट्या बाजूने वापरली की दिशा २५० अंश, म्हणून २५. दोन टोकांच्या आकड्यांत नेहमी १८ चा फरक असतो, कारण अर्धं वर्तुळ १८० अंशांचं. दिल्लीत ०९-२७, १०-२८ आणि ११-२९ अशा पट्ट्या आहेत. ११-२९ च्या समांतर पट्ट्या दोन आहेत, त्यांतली डावी-उजवी ओळखता यावी म्हणून आकड्यापुढे एल आणि आर ही अक्षरं लावतात.

कोणत्या टोकाने उतरायचं हे वारा ठरवतो. विमानाला जमिनीवरचा वेग महत्त्वाचा नसतो, पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग महत्त्वाचा असतो. समोरून वारा आला तर तेवढा वेग आयता मिळतो आणि कमी जागेत उडता-उतरता येतं. म्हणून विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. तेव्हा २५ क्रमांकाचं टोक वापरात असेल, विमान पूर्वेकडून उसाच्या शेतांवरून उतरत येईल आणि उडताना महामार्गाच्या बाजूला तोंड करून उठेल, हा अंदाज घरबसल्या बांधता येतो. विमानतळावरचा वारादर्शक झेंडा, म्हणजे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची ती कापडी पिशवी, बघून तो पडताळूनही घेता येतो.

दिल्लीसारख्या ठिकाणी वाऱ्याने दिशा बदलली की मोठी उलथापालथ होते. रांगेत असलेल्या सगळ्या विमानांना वळवून दुसऱ्या बाजूने आणावं लागतं, जमिनीवरच्या विमानांना दुसऱ्या टोकाकडे न्यावं लागतं. आकाश निरभ्र असताना झालेल्या कित्येक उशिरांमागे एवढंच कारण असतं.

गर्दी नेमकी कुठे अडते?

लोकांना वाटतं, आकाश एवढं मोठं आहे, मग गर्दी कसली? नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची रांग आठवा. महाद्वार रोड कितीही रुंद केला तरी रांग लवकर सरत नाही, कारण एक भाविक मूर्तीसमोरून हलला तरच पुढचा आत जातो. वेग गाभाऱ्यापाशी ठरतो. विमानतळावर ती जागा धावपट्टीची आहे. एका धावपट्टीवर एका वेळी एकच विमान. ते उतरून बाजूच्या मार्गावर वळल्याशिवाय पुढच्याला उतरता येत नाही.

एकामागून एक उतरणाऱ्या दोन विमानांत साधारण ३ सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर अंतर ठेवतात. उतरतानाचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर धरला तर हे अंतर कापायला सव्वा मिनिट लागतं. पुढचं विमान अवजड असेल तर हे अंतर वाढतं. पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन जोरदार भोवरे निघतात आणि विमान पुढे गेल्यावरही ते मागे फिरत राहतात. विमान जितकं जड, तितका भोवरा ताकदवान. लहान विमान त्यात सापडलं तर एका अंगावर कलंडू शकतं. म्हणून १३६ टनांहून जड विमानाला अवजड वर्गात धरतात आणि त्याच्यामागे मध्यम वर्गाचं विमान असेल तर ५ सागरी मैल मोकळे सोडतात. म्हणजे सव्वा मिनिटाऐवजी दोन मिनिटांहून जास्त. ए-३८० या दुमजली विमानाला तर वेगळाच वर्ग आहे आणि त्याच्यामागे याहूनही जास्त अंतर लागतं.

आता तासाभराचं गणित करा. अवजड विमान, मध्यम विमान, पुन्हा अवजड, पुन्हा मध्यम असा क्रम लागला तर रांग लांबते. सगळी अवजड एकत्र आणि सगळी मध्यम एकत्र आणली तर तेवढ्याच वेळात जास्त विमानं उतरतात. नियंत्रक दिवसभर हे जुळवत असतो, आणि त्याच वेळी उडणाऱ्या विमानांसाठी मधे फट शोधत असतो. शिवमूर्तीजवळ उभा असलेला बघ्या हेच वाचतो. मागे जास्त अंतर सुटलं, की पुढे मोठं धूड गेलंय किंवा कुणाला तरी उडायला वाट दिलीय, हे त्याला कळतं.

धुक्यात विमानं उतरतात, तर मग उशीर का?

धावपट्टीजवळ बसवलेली उपकरणं रेडिओलहरींनी विमानाला अदृश्य उतार आखून देतात. एक लहर डावी-उजवी बाजू सांगते, दुसरी उंची. या व्यवस्थेला आयएलएस म्हणतात. उतार साधारण ३ अंशांचा असतो, म्हणजे चाकं टेकायच्या जागेपासून एक किलोमीटर अलीकडे विमान सुमारे ५० मीटर उंचीवर असतं. साध्या दर्जाच्या आयएलएसमध्ये वैमानिकाला ६० मीटर उंचीवर येईपर्यंत धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसायला हवेत. नाही दिसले तर पुन्हा वर उठायचं. दिल्लीत सर्वांत वरच्या दर्जाची, कॅट-३बी नावाची यंत्रणा आहे. तिच्या आधाराने धावपट्टीवर जेमतेम ५० मीटर पुढचं दिसत असतानाही उतरता येतं.

तरीही उशीर होतो, आणि त्याची कारणं साधी आहेत. विमानात ती यंत्रणा हवी, वैमानिकांनी तिचं खास प्रशिक्षण घेतलेलं हवं. दोन्हींपैकी एक नसेल तर थांबणं आलं. उडण्यासाठी तर उतरण्यापेक्षा जास्त दृश्यमानता लागते, साधारणपणे १२५ मीटर. म्हणजे उतरलेली विमानं जमा होत जातात आणि उडता येत नाहीत. त्यातच रेडिओलहरींत अडथळा येऊ नये म्हणून धावपट्टीभोवतीचा मोठा भाग मोकळा ठेवावा लागतो, दोन विमानांतलं अंतर वाढवावं लागतं, आणि जमिनीवर चालणाऱ्या विमानालाही समोरचं दिसत नसल्याने ते सावकाश सरकतं.

राहिला कोल्हापूरच्या प्रवाशाचा प्रश्न. सकाळी दिल्लीहून निघणारं विमान मुंबईला येतं, तिथून आणखी कुठे जातं, संध्याकाळी पुन्हा दिल्लीला परततं. एकच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या करतं. पहिली फेरी तीन तास अडकली की पुढच्या सगळ्या सरकतात. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. ती संपली तर नवे वैमानिक येईपर्यंत विमान हलत नाही. याखेरीज, दिल्लीत उतरायला जागा नाही हे माहीत असताना विमान सोडलं तर ते वर घिरट्या घालत इंधन जाळणार. त्यापेक्षा मुंबईतच जमिनीवर थांबवणं सुरक्षित आणि स्वस्त. मुंबईच्या स्वच्छ हवेत उभं असलेलं विमान दिल्लीच्या रांगेत आधीच उभं असतं.

विमान ओळखायला कुठून सुरुवात करायची?

पंख वर आहेत की खाली, इथून. उजळाईवाडीला येणारं एटीआर-७२ हे पंख्यांचं विमान. त्याचे पंख खिडक्यांच्या वर, छताला जोडलेले असतात आणि पंख्याला सहा पाती असतात. मोठे पंखे जमिनीला लागू नयेत म्हणून पंख वर. स्टार एअर या कंपनीकडे ब्राझीलमध्ये बनलेली एम्ब्रेअर विमानं आहेत. त्यांतल्या ई-१७५ ची इंजिनं पंखांखाली असतात, तर लहान ईआरजे-१४५ ची शेपटीजवळ, धडाला चिकटलेली. एवढं लक्षात ठेवलं की कोल्हापूरची बरीचशी विमानं लांबूनच ओळखू येतात.

मुंबई-दिल्लीला नव्याने बघणारा अडतो ते एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ यांच्यापाशी. दोन्ही सारख्याच आकाराची, दोन इंजिनांची. विमान डोक्यावरून गेलं तर पोटाकडे बघा. ७३७ ची मुख्य चाकं आत घेतल्यावरही पूर्ण झाकली जात नाहीत, दोन काळी वर्तुळं दिसतात. ए-३२० चं पोट गुळगुळीत दिसतं. बाजूने पाहिलं तर ७३७ च्या उभ्या शेपटीच्या पायथ्याशी पुढे एक उतरता कोन असतो. मोठ्या विमानांत बोइंग ७८७ च्या इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते असतात आणि उडताना त्याचे पंख ठळकपणे वर वाकतात. ए-३५० च्या वैमानिकाच्या काचांभोवती काळी पट्टी असते. ७७७ च्या प्रत्येक मुख्य पायाला सहा चाकं असतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथे बंद शटरमागून आलेल्या आवाजावरून लेथ कुठला, इंजिन कुठलं हे सांगणारी माणसं आहेत. ती नजर आणि तो कान कोल्हापूरला नवा नाही.

शेपटीजवळची अक्षरं

प्रत्येक विमानाला नोंदणी क्रमांक असतो आणि तो धडावर मागच्या बाजूला लिहिलेला असतो. सुरुवातीची अक्षरं देश सांगतात. भारताची व्हीटी, ब्रिटनचं जी, अमेरिकेचं एन, संयुक्त अरब अमिरातीची ए६, सिंगापूरची ९व्ही. उड्डाणाचा क्रमांक वेगळा आणि हा वेगळा. उड्डाण क्रमांक त्या फेरीचा असतो, उद्या तीच फेरी दुसरं विमान करेल. नोंदणी क्रमांक मात्र त्या एका विमानाचा असतो.

जुने बघे वहीत हेच लिहीत आले. यातून विमानाचा इतिहास उलगडतो: कुठे बनलं, किती वर्षांचं आहे, आधी कुणाकडे होतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईपर्यंत टपाल आणलं, त्या छोट्या पुस मॉथ विमानाची नोंदणी व्हीटी-एडीएन होती. डिसेंबर २०२३ मध्ये एअर इंडियाचं पहिलं ए-३५० दिल्लीला आलं, त्यावर व्हीटी-जेआरए ही अक्षरं होती. वही ठेवणाऱ्याच्या मनात ही दोन नावं आपोआप शेजारी येऊन बसतात.

मोबाइलवर विमान दिसतं ते कसं?

फ्लाइटरडार२४ सारखं ॲप उघडलं की नकाशावर पिवळी विमानं सरकताना दिसतात. ही माहिती सरकारी रडारवरून चोरलेली नसते. विमान उपग्रहांच्या मदतीने स्वतःची जागा ठरवतं आणि ती, उंची व वेगासह, दर सेकंदाला साधारण दोनदा रेडिओवर जाहीर करत राहतं. या पद्धतीचं नाव एडीएस-बी. जवळच्या विमानांना आणि नियंत्रकांना कळावं म्हणून ती असते आणि ती सांकेतिक भाषेत लपवलेली नसते. जगभरातल्या हजारो हौशी लोकांनी घराच्या छतांवर छोटे ग्राहक बसवले, त्यांतून हे नकाशे तयार झाले. फ्लाइटरडार२४ ची सुरुवातही स्वीडनमधल्या दोन विमानप्रेमींनी २००६ मध्ये छंद म्हणूनच केली.

हे संकेत सरळ रेषेत जातात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणारं विमान शेकडो किलोमीटरवरच्या ग्राहकालाही दिसतं, पण खाली उतरलेलं विमान डोंगराआड गेलं की नकाशावरून गायब होतं. तसं झालं म्हणून घाबरून जाऊ नये. व्हॉट्सॲपवर 'विमान बेपत्ता' असे संदेश फिरवणाऱ्यांना एवढं जरी समजावून सांगितलं तरी पुष्कळ होईल.

रंकाळ्यावर संध्याकाळी फिरताना वर पांढरी रेघ ओढत जाणारं विमान दिसतं. मुंबई-बेंगळुरू हवाई मार्ग आपल्या भागावरून जातो, त्यामुळे ते त्यातलं असण्याचा संभव मोठा. ती रेघ धुराची नसते. इंजिनातून निघालेली वाफ त्या उंचीवरच्या कडाक्याच्या थंडीत गोठते आणि बर्फकणांचा पट्टा होतो. वर हवा दमट असेल तर रेघ टिकते आणि पसरते, कोरडी असेल तर लगेच विरते.

यात एवढं गुंतण्यासारखं काय आहे?

मला विचाराल तर, जगाचा मोठा भाग आपल्या डोक्यावरून जातो आणि तो ओळखण्याची साधनं जवळजवळ फुकट आहेत, हे पहिलं कारण. दुसरं कारण संयमाचं. पक्षी बघणाऱ्यांना हवा असलेला पक्षी दिसेलच असं नसतं, इथेही तसंच असतं. नेहमीचं विमान दुरुस्तीला गेलं आणि त्याच्या जागी वेगळ्याच रंगांचं आलं, तर तो दिवस नोंदवून ठेवण्याचा.

काही ठिकाणी या छंदाला रीतसर जागा मिळाली आहे. उत्तर इंग्लंडमधल्या मँचेस्टर विमानतळावरून वर्षाला सुमारे तीन कोटी प्रवासी ये-जा करतात. त्याच्या दोन धावपट्ट्यांशेजारी लोकांना विमानं बघता यावीत म्हणून उद्यानच केलेलं आहे. उंच मातीचे कट्टे आहेत, कुंपणावरून धावपट्टी दिसते, मुलांना घेऊन कुटुंबं येतात. आवाजापेक्षा वेगाने उडणारं एक काँकॉर्ड, जी-बीओएसी, २००३ मध्ये निवृत्त झाल्यापासून तिथेच ठेवलेलं आहे. विमानतळ आणि बघे यांच्यात संशयाऐवजी शेजार असू शकतो, याचं ते उदाहरण आहे.

पण सुरक्षेचं काय?

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. २००१ मध्ये ग्रीसच्या कालामाता इथल्या हवाई तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच बघ्यांना हेरगिरीच्या संशयाने पकडलं. खालच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, पुढे २००२ अखेरीस अपिलात ते निर्दोष सुटले. २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिश हौशींना पोलिसांनी ताब्यात घेतलं, कारण त्यांच्याकडे वैमानिकांचं बोलणं ऐकण्याची यंत्रणा होती. ते सुटून मायदेशी परतायला अनेक आठवडे गेले. आपल्याकडे परवान्याशिवाय अशी वायरलेस यंत्रणा बाळगणं गुन्हा ठरू शकतं, हे लक्षात ठेवावं. परदेशी व्हिडिओ बघून ऑनलाइन रेडिओ स्कॅनर मागवू नये.

संरक्षण दलांच्या विमानतळांवर फोटो काढायचाच नाही. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. प्रवासी विमानात बसलो आहोत म्हणून तिथे सूट मिळत नाही. मे २०२५ मध्ये अशा विमानतळांवर ठरावीक उंचीपर्यंत खिडक्यांचे पडदे खाली ठेवण्याची सूचनाही निघाली होती. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास सगळीकडेच बंदोबस्त कडक असतो, तेव्हा कुंपणाजवळ उभं राहू नये. विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय ड्रोन उडवणं आणि विमानाच्या दिशेने लेझर मारणं थेट जिवावर बेतू शकतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेची गुप्तचर संस्था संशयितांना गुपचूप एका देशातून दुसऱ्या देशात नेत होती. ते उघडकीला आणताना पत्रकारांना वेगवेगळ्या देशांतल्या बघ्यांनी वर्षानुवर्षं टिपलेल्या नोंदणी क्रमांकांचा आणि फोटोंचा उपयोग झाला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं ७८७ कोसळलं. त्याचा सर्वदूर पाहिला गेलेला व्हिडिओ एका किशोरवयीन मुलाने विमानांच्या आवडीपोटी घराच्या गच्चीवरून काढला होता. पोलिसांनी त्याचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. विमानतळाभोवती रोज उभी राहणारी, काय नेहमीचं आणि काय वेगळं हे जाणणारी माणसं ही सुरक्षेला मदतच आहे, असं मला ठामपणे वाटतं. त्यासाठी त्यांची ओळख स्थानिक पोलिसांना आणि विमानतळाला असली पाहिजे.

मुलांच्या अभ्यासाचं नुकसान होईल का?

हा प्रश्न पालक विचारतात. सातवी-आठवीच्या मुलाला कोन, वेग, वारा, दिशा, हवेची घनता यांचं गणित धावपट्टीशेजारी जितकं पटकन समजतं तितकं फळ्यावर समजत नाही. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंचावर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते, त्यामुळे उडायला जास्त लांब धावपट्टी लागते. मोठी विमानं इथे का येत नाहीत, या चर्चेतला निम्मा भाग या एका वाक्यात आहे. शिवाय विमानक्षेत्रात वैमानिकाखेरीजही कामं आहेत. हवाई नियंत्रक होण्यासाठी भौतिकशास्त्र-गणित घेतलेली विज्ञान पदवी किंवा अभियांत्रिकी चालते, आणि भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण करतं. देखभाल अभियंत्याचा अभ्यासक्रम बारावी विज्ञाननंतर करता येतो.

कोल्हापुरात काय करता येईल?

गोकुळ शिरगाव, तामगाव, मुडशिंगी, नेर्ली या गावांना विमानतळाचा शेजार आहे. सार्वजनिक रस्त्यावरून, वाहतूक न अडवता, कुणाच्या उसात न शिरता विमान बघता येतं. सुरक्षारक्षकाने हटकलं तर ओळखपत्र दाखवावं, काय करतोय ते सांगावं आणि तो नको म्हणाला तर निघून यावं. सोबत आणलेल्या खाऊचं उष्टं तिथे टाकू नये. कचऱ्यावर पक्षी जमतात आणि पक्षी इंजिनात गेले तर अपघात होतो. म्हणूनच विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा टाकणं आणि जनावरं कापणं यांवर बंदी आहे. नुसत्या वहीपासून सुरुवात करावी: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, कोणत्या टोकाने उतरलं, कुठलं विमान, नोंदणी क्रमांक. महिनाभर नोंदी ठेवल्या की वारा आणि धावपट्टीचं नातं त्या वहीतच दिसू लागेल.

धावपट्टी आणखी लांबवण्याची मागणी आणि त्यासाठीच्या जमिनीची चर्चा आपल्याकडे सुरू असते. त्या आराखड्यात कुंपणाबाहेर एक छोटा उंच कट्टा, वर सावली, खाली पाण्याचा नळ आणि विमानांच्या माहितीचा फलक, एवढ्या जागेची मागणी लोकप्रतिनिधींनी आणि जवळच्या शाळांनी आताच लेखी करायला हवी. जमीन ठरून भिंत उभी राहिल्यावर ती जागा काढणं अवघड जाईल.